दुसऱ्यांची पिसं उपटून खाणाऱ्या कोंबडीचं काय करायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: आवारात आठ कोंबड्या. त्यांतली एक काळी, अंगानं भरलेली कोंबडी बाकीच्यांच्या पाठीवरची आणि शेपटीच्या बुडाशी असलेली पिसं उपटते, कधी कधी गिळतेसुद्धा. दोघींच्या पाठी उघड्या पडल्या आहेत आणि एकीला परवा रक्त आलं. काळीला चार दिवस वेगळं कोंडून ठेवलं, पण परत सोडल्यावर तासाभरात पुन्हा तेच सुरू. मग आता तिच्या चोचीचं टोक कापावं, डोळ्यांना झापडं लावावीत, की तिला कायमचं काढून टाकावं? आणि गेलेली पिसं परत येतात का?

रक्ताचं आधी सांगते. जिला जखम झाली आहे तिला आत्ताच बाजूला काढा, काळी कोंडलेली असली तरीही. कोंबड्यांना लाल रंग फार चांगला दिसतो आणि ओल्या, चकाकणाऱ्या लाल ठिपक्यावर चोच मारल्याशिवाय त्यांना राहवत नाही. एरवी कुणाच्या वाटेला न जाणारी कोंबडीही अशा वेळी टोचायला लागते, आणि काही तासांत छोट्या जखमेचं भगदाड होतं. जखम कोमट मिठाच्या पाण्यानं धुवा, पातळ केलेलं पोव्हिडोन आयोडीन लावा आणि माशा बसू देऊ नका. हवा उबदार असेल तर जखमेत अळ्या पडायला एक दिवसही पुरतो. तिला वेगळं ठेवताना कळपाच्या नजरेआड मात्र करू नका. जाळीच्या पलीकडे, सगळ्यांना दिसेल अशी ठेवा. बरेच दिवस नजरेआड राहिलेली कोंबडी परत आली की कळप तिला नवखी समजतो, आणि आधीच सोसलेल्या जिवाला बरं झाल्यावर पुन्हा मार खावा लागतो. खपली पडून खालची कातडी कोरडी झाली की मगच आत सोडा, आणि तीही संध्याकाळी नको. दिवसा, तुमचं लक्ष असताना.

आता काळीकडे वळू. तुम्ही हे भांडण समजून उपाय केलात, पण तुम्ही लिहिलेल्या खुणा भांडणाच्या नाहीत.

कोंबड्यांचं टोचणं दोन अगदी वेगळ्या प्रकारचं असतं. पहिलं हुकमतीचं. कळपात कोण कुणाला टोचू शकतं आणि कुणाला नाही याची उतरंड ठरलेली असते. नॉर्वेच्या थॉर्लीफ श्येल्डरप-एब्बे यांनी ती १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला पहिल्यांदा नीट मांडली. ही टोच वरून येते, डोक्यावर, तुऱ्यावर किंवा मानेवर बसते, आणि जिला बसली ती बाजूला सरकली की विषय संपतो. खाद्याच्या भांड्याशी, अंडी घालायच्या जागेशी, रात्री दांडीवर बसताना हे रोज चालतं आणि त्यात काही बिघडलेलं नसतं. दुसरा प्रकार मागून किंवा बाजूनं येतो. कोंबडी शांतपणे जवळ जाते, मान वाकडी करून एखादं पीस न्याहाळते, धरते आणि ओढते. आवाज नाही, पिसारा फुलवणं नाही, पाठलाग नाही. जिचं पीस जातं ती पुष्कळदा पळतही नाही, दबून बसून राहते. आणि हे करणारी कोंबडी उतरंडीत वरच असेल असं अजिबात नाही. मधली किंवा खालचीही निघते.

हा दुसरा प्रकार रागातून येत नाही, चरण्यातून येतो. रानकोंबडी दिवसाचा अर्ध्याहून जास्त वेळ जमीन उकरण्यात आणि टोचण्यात घालवते. माणसानं कोंबडीची अंडी वाढवली, अंग वाढवलं, रंग बदलले, पण चोचीची ही ओढ तशीच राहिली. तयार खाद्यानं पोट थोड्या वेळात भरतं आणि बाकीचा दिवस चोचीला काही काम उरत नाही. जमीन टणक आणि उघडी असेल, उकरून काही मिळण्यासारखं नसेल, तर पुढे चालणाऱ्या सोबतिणीच्या पाठीवरचं पीस हीच आवारातली सगळ्यात टोचण्याजोगी वस्तू ठरते. त्यात खाद्यात काही कमी असलं तर पीस नुसतं उपटून थांबत नाही, ते पोटात जातं.

म्हणूनच तुमचं चार दिवस कोंडणं फळलं नाही. कोंडण्याचा उपाय हुकमतखोर कोंबडीसाठी आहे. ती नसताना बाकीच्या आपसांत नवी उतरंड लावतात आणि ती परतते तेव्हा तिला खालच्या पायरीवरून सुरुवात करावी लागते. अशा कोंबडीला आठवडाभर, कळप दिसणार नाही अशा जागी ठेवलं तर बऱ्याचदा गुण येतो. पिसं खाणारीला मात्र पायरी गेल्याचं सोयरसुतक नसतं. उलट रिकाम्या पिंजऱ्यात एकटी ठेवल्यानं तिच्या चोचीला होतं तेवढंही काम गेलं. परतल्यावर ती अधिक हिरिरीनं सुरू झाली असेल तर नवल नाही.

तरी काळीलाच दोषी धरण्याआधी एकदा खात्री करून घ्या. ‘मी तिला पाहिलंय’ हे पुरेसं नाही, कारण पाहिलेली एक असते आणि न पाहिलेल्या आणखी दोन असू शकतात. ही सवय एकीचं पाहून दुसरीला लागते. पहिली खूण अशी की अख्ख्या कळपात जिचा पिसारा सगळ्यात सुबक, एकही पीस न तुटलेला आहे तिच्यावर संशय घ्यायचा. तिची पिसं कुणी खात नसतं. दुसरी खूण जमिनीवर. पाठी उघड्या पडल्या आहेत पण खुराड्यात पिसं पडलेली दिसत नाहीत, म्हणजे ती खाल्ली जात आहेत. मोबाइल एखाद्या कोपऱ्यात टेकवून दुपारनंतरचं चित्रण करा. तुम्ही तिथे उभे असलात की कोंबड्या तुमच्याकडे, म्हणजे तुमच्या हातातल्या खाऊकडे बघत राहतात आणि खरं काही कळत नाही. शिवाय पिसं ओढणं सकाळपेक्षा दुपारनंतर वाढतं. सकाळचा वेळ अंडी आणि खाणं यांत जातो. दिवस मावळताना दांडीवर बसल्यावरही नजर ठेवा, कारण पुष्कळ पिसं तिथेच जातात, शेजारणीला सरकायला जागा नसते म्हणून. एकसारख्या दिसणाऱ्या कोंबड्या असतील तर पायात वेगवेगळ्या रंगांची कडी घाला.

उघडी पाठ म्हणजे उपटलेलीच पिसं असंही नाही. कोंबडा असेल तर जोडा लागताना त्याच्या नख्यांनी पाठीवरची आणि चोचीनं डोक्यामागची पिसं जातात. ती मुळापासून उपटलेली नसून बहुतेक मोडलेली, फाटलेली असतात. वर्षातून एकदा पिसं झडतात ती साधारण डोक्या-मानेपासून सुरू होऊन मागे सरकत जातात, दिवस लहान होऊ लागले की, आणि तेव्हा जमिनीवर पिसांचा सडा पडलेला असतो. खुडूक कोंबडी स्वतःच्याच छातीची पिसं काढते. राहिल्या उवा आणि माइट (अंगावरचे बारीक परजीवी). यांच्यामुळे दोन्ही बाजूंनी त्रास होतो: खाज सुटलेली कोंबडी स्वतःला टोचून पिसं विस्कटते आणि विस्कटलेलं पीस दुसरीचं लक्ष वेधतं. लाल माइट दिवसा कोंबडीवर सहसा सापडत नाहीत. ते दांडीच्या सांध्यांत, फटींत लपतात आणि रात्री रक्त प्यायला बाहेर येतात. म्हणून रात्री बॅटरी घेऊन जा, दांडीच्या खालच्या बाजूनं पांढरा कागद फिरवा. लालसर डाग उमटले तर उत्तर मिळालं. उवांसाठी दिवसा गुदद्वाराभोवतीची पिसं फाकवून बघा, पिसांच्या बुंध्याशी लिखांचे पांढरे गुच्छ दिसतात. दोन्हींपैकी काही सापडलं तर आधी त्याचा बंदोबस्त पशुवैद्यकाला विचारून करा, नाहीतर पुढचं सगळं पालथ्या घड्यावर पाणी.

हे सगळं बाजूला काढल्यावर उरतात दोन गोष्टी: खाद्य आणि चोचीचं काम. यांत मी खाद्य आधी तपासते, कारण ते एका दिवसात बदलता येतं.

पीस हे जवळजवळ सगळंच प्रथिन असतं, ९० टक्क्यांच्या आसपास. त्यातलं केराटिन गंधक असलेल्या अमिनो आम्लांनी भरलेलं असतं. कोंबडीला ही आम्लं खाद्यातून लागतात, विशेषतः मेथिओनिन, आणि धान्यावर बेतलेल्या खाद्यात पहिली कमतरता पडते ती नेमकी याची. अंड्यावरच्या कोंबडीच्या खाद्यात १६ ते १८ टक्के प्रथिनं हवीत. तयार खाद्याच्या पिशवीवर तेवढी लिहिलेली असतात आणि मालक निर्धास्त होतो. पण मग त्याच खाद्याच्या जोडीला मक्याच्या मुठी, भाकरी-पोळीचे तुकडे, भाताची शितं असं प्रेमानं घातलं जातं. मक्यात प्रथिनं असतात साधारण ८ ते ९ टक्के. कोंबडीच्या पोटात जाणाऱ्यातला पाव हिस्सा मका असला की १६ टक्क्यांचं खाद्य प्रत्यक्षात १४ टक्क्यांवर येतं. अर्धा हिस्सा असला तर सव्वाबाराच्या आसपास. पिशवीवर काहीही छापलेलं असो, कोंबडीला मिळतंय ते हे.

तेव्हा पुढचा महिनाभर वरखाणं एकूण खाद्याच्या दहाव्या हिश्शाच्या आत ठेवा. अंड्यावरची मोठी कोंबडी दिवसाला साधारण ११० ते १२० ग्रॅम खाते, म्हणजे आठ जणींत मिळून शंभर ग्रॅमच्या आसपास धान्य पुष्कळ झालं. पिसं नव्यानं येत असताना खाद्यातली प्रथिनं १८ ते २० टक्क्यांपर्यंत नेली तर फायदा होतो. त्याच्या वर जाऊ नका. जादा प्रथिनं विष्ठेवाटे बाहेर पडतात, खाली पसरलेली भुशा-पेंढ्याची गादी ओली होते, अमोनियाचा वास सुटतो आणि त्या कोंदट हवेनं कोंबड्या आणखी चिडचिड्या होतात. खाद्य घरी मिसळत असाल तर मेथिओनिनसाठी चांगल्या प्रतीची सुकटीची भुकटी, तिळाची किंवा सूर्यफुलाची पेंड उपयोगी पडते. नुसत्या सोयाबीन आणि मक्यावर प्रथिनांचा आकडा जुळतो, मेथिओनिनचा जुळत नाही. घरच्या मिश्रणात मीठ विसरलं जातं हेही पुष्कळदा पाहिलंय. सोडियम कमी पडलं की टोचाटोची वाढते. किलोमागे ३ ग्रॅमच्या आसपास मीठ पुरतं. तयार खाद्यात ते आधीच असतं, तिथे वरून मुळीच घालू नका, कारण जादा मीठ आणि कमी पाणी ही जोडी कोंबड्यांना मारते.

खाद्याचं रूपही बघा. गोळी खाद्य पटकन उचललं जातं आणि भांडं लवकर सोडलं जातं. तेच खाद्य भरड, म्हणजे मॅश स्वरूपात दिलं तर कोंबडी त्याच्याशी कितीतरी जास्त वेळ रमते. थोडं वाया जातं खरं, पण सध्या आपल्याला तिचा वेळच खर्च करायचा आहे. आणि चोथा. पिसं गिळणाऱ्या कोंबड्यांना खाद्यातून खरखरीत, न पचणारा चोथा मिळाला की पिसांची ओढ कमी होते असं अभ्यासांतूनही दिसलंय आणि माझ्या पाहण्यातही आहे. पेंढा, वाळलेलं गवत, धान्याचा कोंडा आवारात कायम असू द्या. सोबत बारीक, न विरघळणारे खडे ठेवा, म्हणजे हा चोथा जठरात दळला जाईल. लांब ओलं गवत मात्र कापून टाका. गळ्यातल्या पिशवीत त्याचा गोळा अडकतो.

आता चोचीचं काम. माझ्या मते तुमच्या आवारात सगळ्यात जास्त गुण इथेच येईल, आणि लोक सगळ्यात जास्त कंटाळा इथेच करतात. एक कोबी टांगली, दोन दिवस मजा बघितली, तिसऱ्या दिवशी दोरी नुसतीच लोंबते आहे. असं चालत नाही. काम रोजचं हवं आणि ते दुपारनंतर हवं, ज्या वेळी पिसं जातात.

सुरुवात जमिनीपासून करा. खुराड्यात आणि आवाराच्या निदान एका भागात १० ते १५ सेंटिमीटर जाडीची कोरडी, भुसभुशीत गादी असू द्या: भुसा, तूस, वाळलेला पाला, चिरलेला पेंढा, जे सहज मिळेल ते. दिवसाचं ते शंभर ग्रॅम धान्य भांड्यात न घालता या गादीत विखरून टाका, दुपारी एकदा आणि दिवस मावळायच्या तास-दीड तास आधी एकदा. दाणे जितके बारीक तितका शोध लांबतो. म्हणून मक्यापेक्षा ज्वारी-बाजरीसारखं बारीक धान्य बरं. गादी दाबली गेली की फावड्यानं उलटी करा. पेंढ्याची घट्ट बांधलेली पेंढी न सोडता तशीच आवारात ठेवून द्या. ती फोडून, विस्कटून सपाट करायला कोंबड्यांना कित्येक दिवस लागतात, आणि तोवर एकमेकींच्या आड जायला ती भिंतीसारखीही उपयोगी पडते. हिरवा पाला जुडी बांधून त्यांच्या डोक्याच्या जरा वर टांगा, म्हणजे प्रत्येक घासाला ओढावं लागेल. ओढणं महत्त्वाचं आहे. काळीला पीस ओढण्यात जे मिळतं ते पाल्याच्या शिरेत मिळालं पाहिजे.

मातीत लोळायला जागा हवी, कोरडी बारीक माती आणि वाळू, पावसापासून आडोशाला. लोळलेली कोंबडी पिसं नीट करते, उवा झाडते, आणि मळकं, तेलकट, गुंतलेलं पीस राहत नाही. टोचणाऱ्या चोचीला असंच पीस आधी दिसतं.

जागेबद्दल फार लिहीत नाही, आकडे सोपे आहेत. आत माणशी, म्हणजे कोंबडीमागे ४ चौरस फूट आणि बाहेर ८ ते १० चौरस फूट. दांडीवर प्रत्येकीला २० ते २५ सेंटिमीटर. खाद्याची आणि पाण्याची भांडी दोन-दोन, आणि एकमेकांच्या नजरेआड. दांडीची उंची मात्र तपासाच. दांडीवर बसलेलीची शेपूट खाली उभी असलेलीच्या डोळ्यांच्या रेषेत येत असेल तर तुम्ही पिसं ताटात वाढून ठेवल्यासारखं आहे. दांडी वर चढवा.

अंडी घालायच्या पेट्या चार-पाच कोंबड्यांमागे एक तरी हव्यात आणि आत अंधारलेल्या. अंडं बाहेर पडताना गुदद्वाराचा ओला लाल भाग क्षणभर बाहेर येतो. तो उजेडात दुसरीला दिसला तर तिथे टोचलं जातं, आणि हा प्रकार पिसं उपटण्यापेक्षा कितीतरी घातक असतो. कोंबडी आतून फाडली जाऊन दगावते. नुकत्याच अंड्यावर आलेल्या तलंगा आणि फार मोठी अंडी देणाऱ्या कोंबड्या यात सापडतात. पेटीला पडदा लावला तरी हे बरंचसं टळतं. खुराड्यात रात्री दिवा लावत असाल तर दिवसाचा उजेड आणि दिवा मिळून १६ तासांपेक्षा जास्त होऊ देऊ नका, आणि दिवा मंद ठेवा. झगझगीत उजेडात प्रत्येक ठिपका, प्रत्येक कोवळं पीस उठून दिसतं.

तुम्ही विचारलेल्या साधनांबद्दल. चोचीचं टोक कापू नका. ते नखासारखं मेलेलं नसतं. चोचीच्या टोकात नसा असतात, कोंबडी त्यानंच दाणा चाचपते. मोठ्या कोंबडीची चोच कापली की ती दुखते, काही वेळा कायमची दुखते, आणि खाणं-पिणं तुटतं. कानसीनं जरासं टोक बोथट करणारे लोक आहेत. ते वाढून परत येतं आणि मूळ कारण जागच्या जागी राहतं.

झापडं ही निराळी गोष्ट. नाकपुड्यांत अडकवायची प्लास्टिकची झापडं कोंबडीला सरळ पुढचं बघू देत नाहीत. बाजूचं आणि खालचं दिसतं, त्यामुळे ती खाते-पिते, पण पीस नेमकं हेरून धरणं जमत नाही. नाकाच्या पडद्यातून खिळा आरपार घालायचा प्रकार घेऊ नका, तो इजा करतो. बिनखिळ्याचा, पूर्ण वाढलेल्या कोंबडीच्या मापाचा घ्या. लावल्यावर पहिला दिवस ती मागे मागे चालेल, डोकं झटकेल. संध्याकाळी गळ्याची पिशवी चाचपून ती खरंच खाल्लेली आहे ना हे बघा, आणि पाण्याचं भांडं उथळ, रुंद तोंडाचं ठेवा. मी झापडांकडे वेळ विकत घेण्याचं साधन म्हणून बघते. ती लावलेल्या चार-सहा आठवड्यांत बाकीच्यांना पिसं येऊ लागतात आणि आवारातले बदल रुजतात. आवार न बदलता नुसती झापडं लावली तर ती काढल्याच्या दिवशी पहिलं पीस जाईल.

उघड्या पाठींवर कापडी पाठराखण बांधता येते. कोंबड्यामुळे पिसं जात असतील तर ती फारच कामाची. उपटणाऱ्या कोंबडीपुढे मध्यम, कारण ती कडेच्या पिसांकडे वळते. आठवड्यातून एकदा काढून खाली माइट झाले नाहीत ना हे बघावं लागतं. जखमेवर मारायचे निळे-जांभळे फवारे लाल रंग झाकतात एवढा त्यांचा उपयोग खरा आहे. पण त्यांतली काही रसायनं खाण्याच्या अंड्यांवरच्या कोंबड्यांना चालत नाहीत, म्हणून डबीवरचं वाचून, नसेल लिहिलं तर पशुवैद्यकाला विचारूनच वापरा. कडू चवीचे लेप मला फारसे भरवशाचे वाटत नाहीत. तिला पीस चवीसाठी नकोच असतं.

आता काळीला काढायचं का. आज नाही. खाद्य, गादी, दुपारचं काम, दांडीची उंची हे सगळं एकदम बदला आणि झापडांसह किंवा त्यांच्याशिवाय चार ते सहा आठवडे द्या. या काळात रोज पिसं मोजत बसू नका. दुखावलेल्या दोघींचे फोटो आठवड्यातून एकदा, एकाच बाजूनं काढा; डोळ्यांना रोज बघून फरक कळत नाही. सवय महिनाभरापूर्वीच लागलेली असेल आणि काळी तलंग असेल तर सुटण्याची शक्यता चांगली. वर्ष-दीड वर्ष हेच करत आलेली कोंबडी असेल तर कमी होईल, पूर्ण बंद होईलच असं मी सांगणार नाही.

काही कोंबड्यांत ही खोड रक्तातूनही येते. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाच्या विल्यम म्यूर यांनी १९८० आणि ९० च्या दशकांत निवड करताना एकेकटी जास्त अंडी देणारी कोंबडी न धरता, एकत्र राहून ज्या पिंजऱ्यातलं कुटुंब चांगलं जगतं आणि अंडी देतं असं अख्खं कुटुंब धरलं. थोड्याच पिढ्यांत टोचाटोचीनं होणारी मरतूक झपाट्यानं खाली आली. तुमच्यासाठी यातला घेण्याजोगा भाग एवढाच की काळीची अंडी उबवायला ठेवू नका, ती कितीही अंडी देत असली तरी. आणि पुढे पिल्लं आणलीत तर त्यांना पहिल्या आठवड्यापासून उकरायला भुसभुशीत काहीतरी द्या; नुसत्या जाळीवर किंवा कागदावर वाढलेल्या पिल्लांत ही खोड जास्त दिसते.

सहा आठवड्यांनंतरही नवी पिसं जात असतील किंवा पुन्हा रक्त निघालं, तर तिला काढा. दुसऱ्या कुणाला देणार असाल तर खोड स्पष्ट सांगून द्या. मोकळं, मोठं, झाडोरा असलेलं रान आणि अंगानं तिच्याहून दांडग्या कोंबड्या जिथे आहेत तिथे अशी कोंबडी कधी कधी सुधारते. तुमच्याएवढ्याच आवारात पाठवणं म्हणजे दुखणं शेजारी ढकलणं. एकटीला कायम पिंजऱ्यात ठेवणं हा मला यातला सगळ्यात वाईट पर्याय वाटतो. कोंबडी एकटी राहणारा प्राणी नाही, त्यापेक्षा ती कापलेली बरी. ऐकायला कठोर आहे, पण सात जणी रोज पाठी सोलून घेत राहतात तेही सोपं नाही.

शेवटी पिसांचं. मुळापासून उपटलेलं पीस लगेच पुन्हा यायला लागतं आणि साधारण सहा ते आठ आठवड्यांत भरतं. अर्ध्यातून मोडलेलं पीस मात्र तसंच राहतं. त्याचं खुंट कातडीत अडकलेलं असतं तोवर नवं येत नाही, ते पुढच्या पीसगळीतच पडतं. लवकर यावं म्हणून ती खुंटं ओढून काढू नका, फार दुखतं आणि रक्त येतं. नवी पिसं काट्यांसारखी बाहेर पडतात तेव्हा त्यांच्या नळीत रक्त असतं आणि ती निळसर-काळी दिसतात. काळीला याच टप्प्यावर सगळ्यात जास्त मोह होईल, म्हणून झापडं किंवा पाठराखण काढायची तारीख कॅलेंडरवरून ठरवू नका. पाठीवर हात फिरवून बघा. नळ्या सुकून त्यांची पांढरी सालपटं गळून गेली आणि पिसं पूर्ण उलगडली की मग काढा, आधी एकीची, आणि दोन दिवस बघून दुसरीची.